जॉइसचा वर्षावास

जुलै महिन्यात गुंगालिनला थंडी कशी पडते म्हणाल, तर एका सकाळी भास्कर साळव्यांचा दोरीवरचा लेंगा इतका ताठ झाला, की त्यांच्या सुनेने, दीक्षाने, तो कमरेला धरून चालवत घरात आणला आणि खुर्चीवर बसवला. पद्माताई ओट्यापाशी पाठमोऱ्या होत्या. त्यांनी न वळताच विचारलं, "अहो, चहात आलं घालू ना?" लेंगा काही बोलला नाही. पद्माताईंना त्याचं नवल वाटलं नाही. चाळीस वर्षांच्या संसारात सकाळी सातच्या आधी त्या लेंग्यातून कधी उत्तर आलंच नव्हतं.

हे खोटं वाटत असेल तर दीक्षाला विचारा. ती सरकारी नोकर आहे, लेखी देईल.

तर अशा या गावात, कॅनबेराच्या उत्तर टोकाला, भास्करराव अडीच वर्षांपूर्वी मुलाकडे राहायला आले. मुलगा प्रज्ञेश कॉम्प्युटरवाला. घर चांगलं, सून चांगली, ट्राम दारात. दुखणं एकच होतं. कल्याणला असताना भास्करराव म्हणजे खडकमाळ कालवा उपविभागाचे अव्वल कारकून साळवे, आणि रेकॉर्डरूमच्या किल्ल्यांचा जुडगा तेहतीस वर्षं त्यांच्या कमरेला. ते चालत यायचे ते आधी ऐकू यायचे, मग दिसायचे. इथे मात्र केमिस्टपासून विहाराच्या मंडळींपर्यंत सगळ्यांना ते 'प्रज्ञेशचे बाबा' म्हणून ठाऊक. घराला तर किल्लीच नव्हती. दाराला आकडे दाबायचे. खिशात हात घातला की रुमाल लागायचा, बस्स.

त्या माणसाच्या खिशात एक दिवस किल्ली आली.

ती दिली शेजारच्या नेव्हिलने. नेव्हिल शहात्तर वर्षांचा, उभा जन्म बस चालवलेला, आणि आता एकटा. रोज सकाळी भास्करराव चहाचा कप घेऊन कुंपणाशी उभे राहत आणि पलीकडून हाक येई, "भास्कर, मेट!" अख्ख्या ऑस्ट्रेलियात त्यांना त्यांच्या स्वतःच्या नावाने ओळखणारा हा एकच माणूस. त्याच्या मागच्या अंगणात काचेची एक खोली होती आणि तिच्यात चाळीसेक कॅक्टस. मधोमध उभी होती जॉइस. छातीइतकी उंच, सोनेरी काट्यांची, एकतीस वर्षांची. बी पेरलं होतं नेव्हिलच्या बायकोने. तिचंही नाव जॉइस. सहा वर्षांपूर्वी ती गेली, आणि नेव्हिलने नाव कुंडीवर लिहून टाकलं.

थंडी आली की नेव्हिल गाडीला कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरची खोली, जोडून वर क्वीन्सलंडला जाई, उन्हात. दरवर्षी ज्याच्यावर कॅक्टस सोपवायचा तो मित्र यंदा मुलीकडे पर्थला निघून गेला होता. मे महिन्याच्या शेवटी नेव्हिलने कुंपणावर कोपरं टेकून विचारलं, "भास्कर, तू नोकरीत काय करायचास म्हणालास?"

"कालवा. पाणी."

"म्हणजे पाणी कधी द्यायचं नाही, हे तुला कळत असणार."

"त्यातच तर माझी हयात गेली," भास्करराव म्हणाले. हे त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत खरं वाक्य होतं. खडकमाळ कालव्याला पाणी का सुटलं नाही याची एकशे बारा कारणं त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिली होती, आणि त्यातलं एकही दोनदा वापरलेलं नव्हतं.

नेव्हिलने पितळेची किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली. सोबत प्लॅस्टिकमध्ये घातलेला एक जुना कागद. कागदावर मोठ्या अक्षरात सूचना होत्या. एक, मी ऑक्टोबरात येईपर्यंत पाणी द्यायचं नाही. दोन, ते सुकल्यासारखे दिसले तरी द्यायचं नाही. तीन, सुकल्यासारखे दिसले तर मुळीच द्यायचं नाही. चार, ऊन असेल तेव्हा खिडकी उघडायची. पाच, पाणी द्यायचं नाही.

"ते झोपतात," नेव्हिल म्हणाला. "कोरडे असले तर थंडी सोसतात. मुळाशी ओल असली आणि हिम पडलं, की संपलं. आणि थंडीत उपाशी झोपले तरच वसंतात फुलतात. जॉइसला काही झालं तर..."

"नो वरीज," भास्करराव म्हणाले. मग न राहवून त्यांनी विचारलं, "पण कुलूप कशाला? कॅक्टसचे चोर असतात का इथे?"

"चोर नाही, मेट," नेव्हिल म्हणाला आणि उगाच टोपी नीट करत बसला.

त्या दिवशी भास्करराव घरात आले ते खिशात हात घालून, किल्लीवर नख वाजवत. पद्माताईंनी ते आधी ऐकलं, मग पाहिलं.

"काय मिळालं?"

भास्कररावांनी सगळं सांगितलं. पद्माताईंनी भाकरीचं पीठ मळायचं थांबवलं.

"पाच महिने पाणी नाही?"

"अगं, ती निवडुंगं आहेत."

"असोत. जीव आहे ना? अहो, माझे आजोबा महाडला गेले होते. तळ्याचं पाणी ओंजळीत घ्यायला चालत गेलेला माणूस तो. त्याच्या नातीच्या घरात असा नेम आहे की आल्यागेल्याला आधी पाणी, मग नाव-गाव. आणि माझा नवरा आता खिशात किल्ली घालून बाकीच्यांना पाणी बंद करणार?"

एकशे बारा कारणं लिहिलेल्या माणसाला एकशे तेरावं सुचेना. त्यांनी कागद दाखवला, थंडी समजावली, मुळं समजावली. पद्माताई पीठ मळू लागल्या, पण असं मळू लागल्या की परातीची दया यावी.

जुलैत आषाढी पौर्णिमा आली आणि भास्कररावांना एकशे तेरावं कारण सापडलं. पौर्णिमेपासून वर्षावास सुरू. भिक्खू तीन महिने एका जागी राहतात, फिरत नाहीत, ध्यान करतात. भारतात तेव्हा पाऊस, गुंगालिनला हिम. पण मंडळी नेम पाळतात. दर रविवारी कोणाच्या तरी घरी जमायचं, वंदना घ्यायची, ग्रंथाचं एक प्रकरण वाचायचं, मग चहा आणि पोहे. पहिला रविवार साळव्यांकडे होता. वाचन झाल्यावर भास्कररावांनी सगळ्यांना कोट घालायला लावले, शेजारी नेलं, कुलूप काढलं आणि जॉइसच्या बाजूला उभं राहून छोटंसं भाषणच केलं.

"बघा. एका जागी बसलेत. हलत नाहीत, मागत नाहीत, तक्रार नाही. बाहेर उणे सहा, आत यांचं ध्यान चालू. तीन महिन्यांनी फूल येईल. माणसाने शिकावं असं आहे. हे सगळे वर्षावासाला बसलेत, असं समजा."

"साधू, साधू, साधू," मंडळी म्हणाली. पद्माताईसुद्धा म्हणाल्या. भास्कररावांना वाटलं, जिंकलो.

काय करून बसलो, हे त्या बिचाऱ्याला कळलं नाही. कारण वर्षावासाला बसलेल्या भन्तेजींचं काय करतात, हे त्या खोलीत उभ्या असलेल्या प्रत्येकाला लहानपणापासून शिकवलेलं होतं. त्यांची सेवा करतात.

त्यानंतर भास्कररावांचे दिवस फार सुखाचे गेले. रोज सकाळी ते चहाचा कप घेऊन काचेच्या खोलीत जात, खिडकी किलकिली करत आणि जॉइससमोर पाटावर बसून तिला कालव्याच्या गोष्टी सांगत. मंडळींपैकी कोणी भेटलं की किल्ली पुढे करत. "जा, जॉइसला भेटून ये. एकटाच जा, शांत वाटतं." किल्ली देताना आणि परत घेताना जे दोन क्षण मिळत, त्यात ते पुन्हा अव्वल कारकून असत. दर रविवारी दुपारी नेव्हिलचा फोन येई. मागे समुद्र ऐकू येई.

"कशी आहे?"

"एकदम टवटवीत, मेट. उलट तब्येत सुधारली आहे."

"सुधारली?" नेव्हिल विचारे. "थंडीत ती थोडी बारीक व्हायला हवी."

"माझा हातगुण," भास्करराव म्हणत.

खरंच, बाकीचे एकोणचाळीस कॅक्टस सुरकुतून वाळक्या लिंबाएवढे झाले होते आणि जॉइस मात्र बाळसं धरत होती. ऑगस्टमध्ये तर तिच्या दोन काट्यांमधून बोट जाऊ लागलं. भास्कररावांनी हे सगळ्यांना दाखवलं. आपण रोज कालव्याच्या गोष्टी सांगतो, त्याचा हा परिणाम, असं त्यांचं मत पडलं.

मग ऑगस्टच्या शेवटी एक सकाळ उगवली, उणे आठाची. ट्रामच्या घंटीलाही पडसं झालं होतं म्हणतात. भास्करराव कप घेऊन आत गेले आणि जॉइस त्यांच्याकडे झुकलेली दिसली. आधी त्यांना वाटलं, ऐकायला झुकली. मग त्यांनी तिच्या बुंध्याला अंगठा लावला. अंगठा पिकल्या चिकूत जावा तसा आत गेला.

तो अंगठा तसाच पुढे धरून ते घरी आले. रविवार होता, मंडळी वाचनाला जमत होती. भास्करराव खुर्चीवर बसले. चेहरा पाहून सुनेत्रा धावली. ती हॉस्पिटलात नर्स आहे. तिने आधी अंगठाच तपासला.

"माझा नाही," भास्करराव म्हणाले. "जॉइस गेली. मुळाशी ओल होती. प्रज्ञेश, ताव आण. लाल पेन आण. कोणी घरी जायचं नाही."

त्या दिवशी प्रकरण वाचलं गेलं नाही. हीटरसमोर खातेनिहाय चौकशी बसली. कोणी, कधी, किती आणि कोणाच्या परवानगीने.

"काका, मी एक वाटी दिली," सुनेत्राने सुरुवात केली. "कोमट. एवढ्या थंडीत गार कसं देणार?"

"किती वेळा?"

"दर रविवारी. आणि बुधवारी, शिफ्टवरून येताना. तुम्हीच किल्ली द्यायचात ना, भेटून ये म्हणून?"

लाल पेनने त्यांनी ते टिपलं. "सुजित?"

सुजित सरकारी खात्यात अधिकारी, व्यायामाचं वेड. तो म्हणाला, "मी पाणी नाही दिलं, काका. शप्पथ. मी इलेक्ट्रोलाइट दिलं. लिंबाच्या चवीचं. भन्तेजींना दुपारी बारानंतर जेवण चालत नाही, पण सरबत चालतं. म्हणून मी बारानंतरच द्यायचो. नियम पाळून."

"दीक्षा?"

"मी फक्त स्प्रे मारला, बाबा. तोंडावर."

"तिचं तोंड कुठलं?"

"वरचं," दीक्षा म्हणाली.

"मी काही दिलं नाही," प्रज्ञेश घाईने म्हणाला. "आय जस्ट ऑप्टिमाइज्ड. तिथे हवा फार कोरडी होती, सेन्सर लावून बघितलं. मग कुंडीमागे एक छोटं मशीन ठेवलं, वाफ सोडणारं. ॲपवरून चालतं."

"ते ॲपवरून चालतं. पण कशावर चालतं?"

प्रज्ञेशने मान खाली घातली. "पाण्यावर."

आता राहिल्या पद्माताई. त्या ताठ बसल्या होत्या, लेंग्यासारख्या.

"लोटी," त्या म्हणाल्या. "रोज."

"रोज? किल्ली तर माझ्या—"

"तुमची दुपारची झोपही रोजच असते. आणि लपवत नाही मी. तुम्हीच म्हणालात वर्षावासाला बसलेत. नुसती निवडुंगं असती तर कदाचित राहिले असते. भन्तेजी म्हटल्यावर कसं राहू?"

भास्कररावांनी बेरीज केली. एकट्या जॉइसला तीन महिन्यांत जेवढं पाणी पोचलं होतं, तेवढं खडकमाळ कालव्याच्या शेवटच्या गावाने त्यांच्या उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं. ते उठले, बोट वर केलं आणि म्हणाले, "या सगळ्या घरात नियम पाळणारा मी एकटा. मी पाण्याचा एक थेंब—"

"पाण्याचं कोण विचारतंय?" पद्माताई म्हणाल्या. "चहाचं सांगा."

बोट वरच राहिलं.

"चाळीस वर्षं तुमचे कप विसळतेय. तळाचा घोट तुम्ही कधी प्यायला नाहीत, गाळ येतो म्हणता. जूनपासून कप रोज कोरडा येतोय. ऑस्ट्रेलियाचा गाळ आवडायला लागला का?"

भास्करराव हळूच खाली बसले.

"समोर कोणी उभं असताना," ते म्हणाले, "एकट्याने सगळा कप कसा संपवायचा?"

लाल पेनने त्यांनी तावावर सगळ्यात खाली आपलं नाव लिहिलं. आणि मग खिशातली किल्ली बाहेर काढून टेबलावर ठेवली. ती आता जड लागत होती. नेव्हिल परत येईल, किल्ली मागेल आणि कुंपणावरून हाक यायची बंद होईल. पुन्हा प्रज्ञेशचे बाबा.

सूचनांचा कागद पाठ होता, तरी त्यांनी पुन्हा काढला, कुठे एखादी पळवाट सापडते का बघायला. हाच जुना कारकुनी चाळा. प्लॅस्टिक हातातून निसटलं, उलटं पडलं, आणि पाठीमागे लिहिलेलं दिसलं. तेहतीस वर्षं ज्याने प्रत्येक कागदाच्या तळाशी 'कृपया मागे पाहा' लिहिलं, त्याने स्वतः तीन महिने मागे पाहिलं नव्हतं. मागचं अक्षर वेगळंच होतं. गोल, जांभळ्या शाईतलं. 'ती बुंध्याशी मऊ झाली तर रडत बसू नका. कुजलेल्याच्या वर कापा. आतला गर स्वच्छ दिसेपर्यंत कापत जा. वरचा तुकडा सावलीत महिनाभर वाळवा. मग कोरड्या वाळूत उभा करा.' खाली आणखीही काहीतरी होतं, पण भास्कररावांना 'कापा' एवढं पुरलं.

"सुरी आणा!"

सुरी बुंध्याला पुरेना. तेव्हा पद्माताई उठल्या आणि माळ्यावरून विळी काढून आणली. ही विळी त्यांनी कल्याणहून आणलेली. सिडनीच्या विमानतळावर अधिकाऱ्याने हे हत्यार काय म्हणून विचारलं, तेव्हा त्यांनी तिथेच फरशीवर विळी मांडून, पाटावर बसून, त्याच्याच डब्यातली काकडी त्याला चिरून दाखवली होती. त्याने कोशिंबिरीची कृती लिहून घेतली आणि सोडलं, असं त्या सांगतात.

काचेच्या खोलीत शस्त्रक्रिया झाली. जॉइसला गोधडीत गुंडाळून सुजित आणि प्रज्ञेशने आडवं धरलं. सुनेत्राने विळीचं पातं स्पिरिटने पुसलं. पद्माताई विळीवर बसल्या, डोळे मिटून घेतले आणि पहिला काप घेतला. मधोमध तपकिरी डाग. दुसरा काप. डाग लहान झाला. तिसरा, चौथा. बाजूला भोपळ्याच्या फोडींसारखी चकत्यांची रास पडत गेली आणि प्रत्येक चकतीला पद्माताई पुटपुटत होत्या, "माफ कर गं बाई. माफ कर." सातव्या कापाला गर हिरवागार, स्वच्छ निघाला. जॉइस तेव्हा भास्कररावांच्या गुडघ्याएवढी उरली होती.

तिला वर्तमानपत्रात गुंडाळून फळीवर ठेवलं. सगळे घरी गेले. आणि भास्कररावांनी, कोणी सांगितलं नसताना, फोन लावला.

त्यांनी सगळं सांगितलं. वाटी, इलेक्ट्रोलाइट, स्प्रे, वाफेचं मशीन, लोटी. एकशे बारातलं एकही कारण वापरलं नाही. शेवटी चहाही सांगितला. पलीकडे फक्त समुद्र.

"कसला चहा?" नेव्हिलने विचारलं.

"दूध, साखर, आलं."

"आलं," नेव्हिल म्हणाला. "मी येतोय." आणि फोन बंद.

तिसऱ्या दिवशी कॅराव्हॅन येऊन उभी राहिली. नेव्हिल घरातही न जाता सरळ काचेच्या खोलीत गेला. भास्करराव दाराबाहेर उभे राहिले. आत कागद उघडल्याचा आवाज आला. नेव्हिल बाहेर आला आणि हात पुढे केला.

"किल्ली."

भास्कररावांनी किल्ली दिली, सोबत सूचनांचा कागदही. नेव्हिलने कुलूप लावलं आणि घरात निघून गेला. एक शब्द नाही.

दुसऱ्या दिवशी भास्करराव कप घेऊन कुंपणाशी उभे राहिले. हाक आली नाही. कप गार झाला. तिसऱ्या दिवशीही तेच. पलीकडे पडद्यामागे कोणीतरी हललं, बस्स. खिशात हात घातला की रुमाल लागे. सुनेत्राने, सुजितने, सगळ्यांनी माफीची कार्डं आणून दिली, पण ती नेऊन द्यायची कोणी? चौथ्या दिवशी सकाळी ते लेंगा घालून खुर्चीवर बसले होते, आणि पद्माताईंनी विचारलं तरी उत्तर देईनात. तेव्हा त्यांना वाटलं, पुन्हा दोरीवरचाच आणून बसवलाय की काय.

मग पद्माताईंनी एकदम कपाळावर हात मारला.

"अहो! तो माणूस एवढ्या लांबून गाडी हाकत आला. मी त्याला पाणी विचारलं नाही."

"पद्मा, आता पाण्याचं नाव—"

पण त्या निघाल्या होत्या. तांब्या भरलेला, वर पेला पालथा घातलेला, पायात मोजे आणि चपला. भास्करराव मागोमाग धावले. पद्माताईंनी नेव्हिलचं दार वाजवलं. दार उघडताच त्यांनी पेला भरून त्याच्या हातात दिला आणि मराठीतच म्हणाल्या, "आधी पाणी. मग काय बोलायचं ते बोल."

नेव्हिल पेल्याकडे बघत राहिला. मग सगळं पाणी प्यायला. मग त्याचे खांदे हलू लागले. भास्कररावांना वाटलं रडतोय, पण तो हसत होता.

"भास्कर," तो म्हणाला, "तू मला विचारलं होतंस ना, कुलूप कशाला? चोरासाठी नव्हतं ते, मेट. माझ्या बायकोसाठी होतं. दर थंडीत मी कामावर गेलो की ही आत किटली घेऊन. 'बिचारीला तहान लागली असेल, नेव्ह.' दोनदा कुजवली तिने. दोनदा आम्ही कापली. किल्ली मी माझ्याकडे ठेवली, तर तिने दुसरी करून घेतली. ते मागचं अक्षर तिचंच आहे. स्वतःसाठीच लिहून ठेवलं होतं." त्याने खिशातून तो प्लॅस्टिकमधला कागद काढला. "शेवटची ओळ वाचलीस?"

भास्कररावांनी मान हलवली. मागे पाहिलं होतं, पण शेवटपर्यंत नाही.

नेव्हिलने जांभळ्या शाईवर बोट ठेवलं. 'नेव्हिलला खरं काय ते सांगा. तो तीन दिवस बोलणार नाही. चौथ्या दिवशी त्याला काहीतरी प्यायला घेऊन जा.'

पद्माताईंना भास्कररावांनी ते मराठीत सांगितलं. त्यांनी पदराने डोळे टिपले आणि नेव्हिलचा पेला पुन्हा भरला.

"किल्ली," नेव्हिल म्हणाला. या वेळी तो देत होता. भास्कररावांनी हात पुढे केला. पण किल्ली त्यांच्या हातावरून पुढे गेली आणि पद्माताईंच्या तळहातावर टेकली.

"नवऱ्याकडे ठेवून उपयोग नसतो, हे मला कळायला एकतीस वर्षं लागली. तुम्ही सांभाळा. तुम्हीच मालक झालात म्हणजे चोरी कोणाकडे करणार?"

भास्कररावांचा हात रिकामाच राहिला. नेव्हिल आत जाऊन हातोडी घेऊन आला. काचेच्या खोलीच्या दाराबाहेर त्याने एक खिळा ठोकला, त्याला पांढरा मग अडकवला आणि वर मार्करने 'भास्कर' लिहिलं. 'प्रज्ञेशचे बाबा' नाही. भास्कर.

"चहा बाहेर प्यायचा. तळापर्यंत. मग आत."

त्या वसंतात जॉइस काही फुलली नाही. वाळूत उभी राहून ती नवीन मुळांचा विचार करत होती. पण ज्यांच्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं, थेंब दिला नव्हता, ते एकोणचाळीस वाळके लिंबू नोव्हेंबरात असे फुलले, की ट्राम तिथे थांबा नसताना थांबू लागली.

पुढच्या वर्षी थंडीत नेव्हिल क्वीन्सलंडला गेलाच नाही. म्हणाला, वर फार ऊन असतं. पद्माताईंनी किल्ली कमरेला लावली आणि दारात तांब्या ठेवला. ज्याला दया येईल त्याने आधी स्वतः एक पेला पाणी प्यायचं, मग आत जायचं. पोट भरलेलं असलं की दयाही जरा आटोक्यात राहते, असा त्यांचा अनुभव. भास्करराव दाराबाहेरच आपला मग रिकामा करत, आणि पद्माताई तो उलटा करून बघत.

आणि त्या नोव्हेंबरात जॉइसला एक फूल आलं. पिवळं, तळहाताएवढं. मंडळी जमली. भास्कररावांनी वाकून वास घेतला आणि गंभीरपणे जाहीर केलं, "आल्याचा वास येतोय."

"काहीतरीच काय, बाबा," प्रज्ञेश म्हणाला.

नेव्हिलने टोपी काढली, नाक फुलात घातलं, बराच वेळ ठेवलं.

"येतोय," तो म्हणाला. "दूध कमी पडलंय."